उसाच्या ट्रॉलीची तिसरी पिन

१

म्हैसूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सकाळीच फत्तेसिंगरावाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. दुपार व्हायच्या आत त्याचा थोरला भाऊ रणोजीराव त्या पायाच्या बदल्यात ड्रायव्हरचे दोन्ही हात मागायला लागला. ड्रायव्हरचं नाव शेषगिरी. त्याला बन्नूरबाहेरच्या गुऱ्हाळाच्या कोठीत कोंडलं होतं, आणि कडीपाशी दोन गडी काठ्या घेऊन बसले होते.

"पोलीस येतील तेव्हा येतील," रणोजीराव गुरगुरला. "दिवे लागले की गाव जमवतो आणि सगळ्यांसमोर त्याचे हात मोडतो. माझा भाऊ आयुष्यभर कुबडीवर चालणार, मग ह्यानं स्टिअरिंग धरायचं काय म्हणून?"

हे ज्यांना ऐकवलं त्या बाई म्हणजे वनजा पिसे, म्हैसूरच्या ट्रॅक्टर एजन्सीची सर्व्हिस इंजिनियर. देवराज मोहल्ल्यातल्या शिंप्याची ही मुलगी. सुईत दोरा ओवायचा म्हटलं की तिचा जीव जायचा आणि गिअरबॉक्स उघडायचा म्हटलं की कळी खुलायची. एजन्सीच्या मालकांनी तिला सकाळच्या बसनं पाठवलं होतं. "पिन आपल्याकडची आहे, बाई. काय झालं ते बघून या, आणि जमलं तर आपलं नाव राखा," एवढंच ते म्हणाले होते.

कालव्याच्या चढणीवर ट्रॉली अजून आडवी पडलेली होती. ऊस पसरला होता, आणि त्यातला चांगला ऊस लोकांनी रातोरात नेलाही होता. माणसाचा पाय गेला तरी लोकांचे दात शाबूत असतात, दुसरं काय!

"नीट सांगा," वनजा म्हणाली. "पहिल्यापासून."

"सांगायचं काय त्यात? एका हंगामात तीन पिना मोडल्या. पहिली मोडली कारखान्याच्या आवारात, म्हटलं नशीब. दुसरी मोडली गाडीवाटेवर, म्हटलं माल खोटा. तिसरी काल ह्या चढणीवर मोडली, आणि ट्रॉली मागं आली ती माझ्या भावाच्या अंगावर."

पिन म्हणजे अंगठ्याहून जाड पोलादी खिळा. ट्रॅक्टरच्या मागच्या हुकात ट्रॉलीची दांडी घालायची आणि दोन्हींच्या भोकांतून वरून ही पिन सोडायची. ट्रॉलीभर ऊस ओढला जातो तो एवढ्याशा खिळ्यावर.

"शेषगिरीवरच का संशय?"

"दसऱ्याला ट्रॅक्टरच्या पूजेला हा उशिरा आला. चारचौघांत कानाखाली वाजवली मी. त्याच रागाचं हे. पिन लावणारा तो, काढणारा तो. आणखी कोण असणार?"

वनजानं मोडलेले तुकडे मागितले. लोखंड टाकवत नाही म्हणून रणोजीरावाच्या बायकोनं, जमुनाबाईंनी, आधीच्या दोन पिनाही परसातल्या डब्यात ठेवल्या होत्या. त्या बिचाऱ्या डबा घेऊन आल्या, डोळे पदराला पुसत तो वनजासमोर ठेवला आणि घरात गेल्या.

वनजानं तिन्ही पिनांचे तुकडे दगडावर ओळीनं मांडले. फार वजन घातलं तर पिन आधी वाकते. भोक झिजलं असेल तर पिनेलाही खाच पडते. पोलाद खोटं असेल तर ते सगळीकडून सारखं दाणेदार तुटतं. इथं यातलं काहीच नव्हतं. प्रत्येक पिनेचा एक भाग नव्या रुपयासारखा लखलखीत आणि खडबडीत होता, तर उरलेला सपाट, गुळगुळीत आणि काळ्या वंगणानं माखलेला. तिनं नखानं वंगण खरवडलं. खाली बारीक समांतर रेघा दिसल्या.

"रणोजीराव," ती उठून म्हणाली, "ह्या पिना नुसत्या मोडलेल्या नाहीत. करवतीनं अर्धवट कापून ठेवल्या होत्या."

२

बोलली खरी, पण बोलल्या क्षणी तिला आपली जीभ चावावीशी वाटली. रणोजीरावाचे डोळे लाल झाले.

"बघा! मी काय म्हणत होतो? अरे, काठ्या तेलात घालून ठेवा रे!"

"अहो, कापली म्हणाले मी. त्यानं कापली असं कुठं म्हणाले?"

"मग कोणी, भुतानं? बाई, तुम्ही इंजिनेर आहात, पिनेचं बघा. माणसांचं आम्ही बघतो."

म्हणजे एजन्सीचं नाव तर वाचलं. वनजानं सरळ म्हैसूरची बस धरली असती तर मालकांनी शाबासकी दिली असती. पण तिच्याच शब्दानं एका माणसाचे हात जाणार होते. गड्यांकडे दुर्लक्ष करून ती कोठीच्या खिडकीशी गेली.

शेषगिरी आत गुळाच्या ढेपांच्या रिकाम्या साच्यांवर बसला होता. ओठ फुटला होता, पण आवाज शाबूत होता.

"अक्का, देवाशप्पथ मी काही केलं नाही. कानाखाली बसली म्हणून कोणी जीव घेतो? मग आमच्या रणोजण्णांना आतापर्यंत पन्नास माणसांनी मारायला हवं होतं."

वनजाला अशा वेळीही हसू आलं. "पिन रात्री कुठं असते?"

"घरी. इथं पिना चोरीला जातात ना, म्हणून ट्रॅक्टर सोडला की पिन नेऊन जगलीवर, म्हणजे ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवायची. सकाळी तिथनं घ्यायची."

"ओसरीवर कोण कोण असतं?"

"घरचीच माणसं. शिवाय रणोजण्णांच्या मुलीचं लग्न आहे म्हणून शांताक्का मशीन मांडून बसतात कपडे शिवायला. पाहुणे येतात, जातात. गुरुराव येतात, बसस्टँडजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानाचे. पहिली पिन त्यांचीच होती. ती मोडल्यावर रणोजण्णांनी त्यांना ओसरीवरच शिव्या घातल्या, तेही तोंडाला तोंड देऊन गेले."

"पिन कधी जागेवर नव्हती, असं झालं?"

"नाही अक्का, तसं नाही. एकदा-दोनदा कोनाड्यात दिसली नाही, तर शांताक्कांनीच हातात दिली. खाली पडली होती रे, घे, म्हणाल्या."

"आणि चढणीवर फत्तेसिंगराव मागं काय करत होते?"

"ठोकळा घेऊन चालत होते. भरलेली ट्रॉली चढणीला लागली की मागं एक माणूस लाकडी ठोकळा घेऊन चालतो. ट्रॉली घसरायला लागली तर चाकाखाली टाकायचा. आमच्याकडं ते काम रणोजण्णा स्वतः करतात. काल त्यांना ताप होता म्हणून धाकटे आले."

"मालक स्वतः? गडी असताना?"

शेषगिरीनं खिडकीजवळ तोंड आणलं. "गडी तयार होत नाहीत. नरहरी गेल्यापासून कोणी मागं चालायला धजत नाही. माझ्या आधीचा ड्रायव्हर तो. दोन वर्षं झाली. त्या दिवशी ट्रॅक्टर फत्तेसिंगण्णा चालवत होते आणि नरहरी ठोकळा घेऊन मागं होता. पिन निघाली, ट्रॉली अंगावरून गेली. जागच्या जागी मेला. पिन नीट लावली नव्हती त्यानं. पिऊन होता म्हणतात."

"तू बघितलंस पिताना?"

"मी कुठला बघतोय! गाव म्हणतं म्हणून मीपण म्हणतो."

वनजा परत दगडापाशी आली आणि तुकडे नव्यानं बघायला लागली. पहिल्या पिनेत काप अर्ध्याहून जास्त होता. ती सपाट जमिनीवरच मोडली. दुसरीत काप जरा कमी, ती गाडीवाटेच्या पहिल्या खड्ड्यात गेली. तिसरीत फक्त तिसरा हिस्सा कापला होता. ती सपाटीवर टिकली, गाडीवाटेवर टिकली, आणि बरोबर चढणीवर, ट्रॉली सगळ्यात जड ओढते तिथं मोडली.

कापणारा शिकत होता. पहिल्या दोन पिना चुकल्या होत्या, तिसरी जमली. चढणीवर पिन मोडली की ड्रायव्हरला काहीच होत नाही, मरतो तो मागचा. मागं रोज कोण चालतं हे गावाला ठाऊक होतं.

कोणाला तरी रणोजीराव मरायला हवा होता. पाय फत्तेसिंगरावाचा गेला, ती चूक होती.

३

गुरुरावाच्या दुकानात शिरताच वनजा थबकली. दुकान ग्रीसच्या डब्यांनी, बेल्टांनी आणि नटबोल्टांनी गळ्यापर्यंत भरलं होतं, आणि गल्ल्यावर विठ्ठलाच्या तसबिरीखाली गुरुराव बसले होते. कपाळावर काळा ठसठशीत बुक्का. वनजाच्या घरीही रोज सकाळी वडील विठ्ठलाला बुक्का वाहून मगच मशीनला हात लावायचे. तो गोडसर कापरी वास तिच्या नाकात लहानपणापासून बसलेला होता.

"या बाई, या! एजन्सीच्या ना तुम्ही? आता आमच्या बोकांडी बसायला आलात?" गुरुरावांनी स्टूल पुढं केलं.

"तुमची पहिली पिन मोडली."

"मोडणारच! डुप्लिकेट होती. मी सांगूनच दिली होती. अण्णा, चांगली घ्या म्हटलं तर म्हणाले, चालतं. मग मोडल्यावर मला ओसरीवर आईबहिणीवरून शिव्या! मीपण सोडलं नाही. म्हटलं, दोन वर्षांपूर्वी काय घातलं होतं पिनेच्या जागी, ते सांगू का गावाला?"

वनजाचे कान टवकारले. "काय घातलं होतं?"

गुरुराव एक बोल्ट उचलून फडक्यानं पुसायला लागले. "सुम्ने, उगाच बोललो हो. रागात माणूस काहीही बोलतं."

"गुरुराव, दिवे लागले की शेषगिरीचे हात मोडणार आहेत."

"मग मी काय करू? रणोजीराव गिऱ्हाईक आहे माझं. त्याला सांभाळून ऱ्हावं लागतं." मग हळूच म्हणाले, "नरहरी चांगला पोरगा होता. माळ होती गळ्यात. एवढंच सांगतो."

गळ्यात तुळशीची माळ घालणारा माणूस दारू पिऊन ट्रॉलीमागं चालत होता! वनजाला आता राग यायला लागला होता, आणि राग आला की तिचं डोकं फार छान चालायचं. तिनं पिशवीतून तिसरी पिन काढली. कापात भरलेलं काळं वंगण तिनं पिनेवरून काढून कागदावर घेतलं. बोटांत दाबलं तर ते ग्रीससारखं पसरेना, गोळी व्हायला लागलं. तिनं काडी ओढून खाली धरली. गोळी वितळली, आणि दुकानातल्या ग्रीसच्या वासावर मात करत गोडसर कापरी वास आला.

ते मेण होतं, आणि मेणात बुक्का होता.

वनजानं सावकाश मान वर करून गुरुरावांच्या कपाळाकडं बघितलं. गुरुरावांनाही वास आला होता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाई, विठ्ठलाची आण! मी नाही हो!"

"तुम्ही नाही, ठाऊक आहे," वनजा म्हणाली. "दुसरी आणि तिसरी पिन आमच्या एजन्सीतली, त्या तुमच्या दुकानात आल्याच नाहीत. आणि तुमचं दुकान ग्रीसमध्ये पोहतंय. काप बुजवायला तुम्ही मेण कशाला शोधाल? ज्याच्या हाताशी जे असतं तेच माणूस वापरतं."

"मग मेण कोणाकडं असतं?"

वनजाच्या डोळ्यांपुढं वडील उभे राहिले. मांडीवर कोट, आणि बटण शिवायच्या आधी दोरा मेणाच्या गोळीवरून ओढून घेणारा हात. दोरा मजबूत व्हावा म्हणून प्रत्येक शिंपी हे करतो.

"गुरुराव, ह्या शांताक्का राहतात कुठं? आणि नरहरी त्यांचा कोण?"

गुरुरावांनी मान खाली घातली. "मुलगा," ते म्हणाले. "एकुलता एक."

४

शांताक्काच्या घराचं दार उघडंच होतं. पन्नाशीची, काटक बाई, मशीन चालवून पिंढऱ्या दगडासारख्या झालेल्या. ती जमिनीवर बसून लग्नाच्या ब्लाऊजला हूक लावत होती. भिंतीला एक फळी होती. तिच्यावर पाने, हातोडी, वेल्डिंगचा चष्मा आणि लोखंड कापायची करवत मांडलेली, प्रत्येकावर बुक्क्याचा ठिपका. शेजारी नरहरीचा फोटो.

"ये ग," ती वर न बघताच म्हणाली. "सकाळपासून वाट बघतेय कोण येतंय त्याची. आपल्यातलीच दिसतेस."

"देवराज मोहल्ल्यातल्या पिसेंची. शांताक्का, करवत हातात घ्यायच्या आधी तुम्ही बुक्का लावलात."

"लावते. माझ्या नरहरीचं हत्यार आहे ते. तो रोज लावायचा, मी रोज लावते. बुक्का न लावता कसा हात लावायचा?"

"त्याच बोटांनी तुम्ही मेण मळलंत. वास राहिला मेणात."

शांताक्का चक्क हसली. "अय्यो! वाईट काम करताना तरी देव बाजूला ठेवायचा असतो, नाही का? एवढं सुचलं नाही बघ. रात्री पिन इथं आणायची, पाती मोडली तर दुसरी लावायची आणि कापायचं. हात सोलून निघाले माझे."

"तुम्हाला रणोजीरावांना मारायचं होतं."

"हो." तिनं दोरा दातानं तोडला. "का, ते विचार की! उन्हाळ्यात जमुनाबाईचं माप घेत होते. माप घेताना बायका सगळं बोलतात बघ, अंगाला हात लागला की मन सैल होतं. रडायलाच लागली. म्हणाली, शांताक्का, तुझं पोर पिऊन नव्हतं ग. त्या दिवशी पिन सापडत नव्हती. ह्यांनी पिनेच्या जागी खिडकीचा गज घातला. नरहरी म्हणाला, अण्णा, हा वाकेल, चढणीवर नको. ह्यांनी त्याला आईवरून शिवी दिली आणि मागं ठोकळा घेऊन चाल म्हणाले. गज वाकला, निघाला. मग पोलीस यायच्या आत ह्यांनी तो कालव्यात फेकला, आणि पोरगा पिऊन होता असं सांगितलं."

शांताक्कानं नरहरीच्या फोटोकडं बघितलं.

"मेला त्याचं दुःख मी गिळलं असतं ग. माणसं मरतात. पण माळकरी पोराला दारुडा म्हणून जाळलं माझ्या! भजनातली माणसं मयताला आली नाहीत. आली नाहीत! आणि मी त्या रणोजीच्या ओसरीवर बसून त्याच्या पोरीचा शालू घडी करत होते. त्या दिवशी कोनाड्यात पिन दिसली. म्हटलं, चाल रे आता तू मागं."

वनजाला मनातून ह्या बाईचे पाय धरावेसे वाटत होते, आणि दवाखान्यातला तो कापलेला पायही डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"पण गेला पाय फत्तेसिंगरावांचा," ती शेवटी म्हणाली.

"त्याचं वाईट वाटतं," शांताक्का म्हणाली. "जीव जाईल इतकं नाही, पण वाटतं."

"आणि दिवे लागले की शेषगिरीचे हात मोडणार आहेत."

"मोडू देत! माझ्या पोराच्या वेळी कोण आलं होतं मधे पडायला? हा शेषगिरीच गावभर म्हणत फिरला, पिऊन होता, पिऊन होता."

"बघितलं नव्हतं त्यानं. गाव म्हणालं म्हणून म्हणाला."

"तेच तर!"

"मग ऐका," वनजाचा आवाज चढला. "त्याचे हात मोडले की उद्या गाव काय म्हणेल? शेषगिरीनं पिना कापल्या. त्याची आई बाजारात गेली की बायका तोंड फिरवतील. रणोजीराव पुन्हा सुटला, आणि खोटं पुन्हा एका ड्रायव्हरच्या माथी. तुम्ही त्याच्याशी वैर धरलंत की त्याचंच काम करून देताय?"

बाहेर ऊन उतरलं होतं. शांताक्कानं ब्लाऊजची घडी घातली, त्यात सुई खोचली आणि पदर सारखा केला.

"चल," ती म्हणाली. "तुझी बस किती वाजता आहे?"

५

गुऱ्हाळापुढं माणसं जमली होती. शेषगिरीला बाहेर काढून गडी दोन्हीकडून धरून उभे होते, आणि रणोजीराव तापानं आणि संतापानं थरथरत काठी तोलत होता. शांताक्का गर्दीतून सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"सोड त्याला. पिना मी कापल्या."

आधी कोणाला कळलंच नाही. मग एकाएकी सगळे बोलायला लागले. रणोजीरावानं काठी उगारली.

"तू? माझ्या घरचं अन्न खाऊन तू?"

"मार की!" ती आणखी जवळ गेली. "पण आधी विचार, शांते, का कापल्यास? चारचौघांत विचार. नाहीतर असं करू, मला पोलिसात दे. तिथं विचारतीलच. मी पहिल्यापासून सांगते. गजापासून सांगते."

गज हा शब्द ऐकला आणि रणोजीरावाची काठी हवेतच राहिली. वनजा जवळून त्याचा चेहरा बघत होती. असा रागीट माणूस इतक्या लवकर शहाणा होताना तिनं कधी बघितला नव्हता. काठी खाली आली. त्यानं गर्दीकडं बघितलं, मग गड्यांकडं.

"सोडा रे शेषगिरीला," तो म्हणाला. "बाई वेडी झालीय पोरासाठी. जाऊ दे. आपल्याला पोलीसबिलीस काही नको. शांताक्का, तू गाव सोड, मी काही करत नाही. आणि इंजिनेर बाई, तुम्ही माल खोटा होता असं लिहून टाका, विषय संपला."

"माल चांगला होता," वनजा म्हणाली. "माझ्या एजन्सीचा माल आहे तो. मी खोटं लिहीत नाही."

"अहो, पण मीच तक्रार करत नाही म्हणतोय ना!"

"तू नको करूस," शांताक्का म्हणाली. "मीच करते माझ्यावर. पिना कापल्या, एका माणसाचा पाय गेला. मला अटक व्हायला हवी. आणि अटक झाली की कोर्टात मला कोणी गप्प बसवणार नाही. रणोजी, ट्रॉलीखाली गेला असतास तर एका मिनिटात सुटला असतास रे. देवानं माझं चुकवलं ते बरंच केलं."

"कोण ऐकणार तुझं? साक्षीदार कोण आहे?" रणोजीराव ओरडला, पण आवाजात आता जोर नव्हता.

ह्याचं उत्तर वनजाला शेषगिरीनं खिडकीतून सांगून ठेवलं होतं. नरहरी मेला त्या दिवशी ट्रॅक्टर कोण चालवत होतं, हे रणोजीरावालाही एव्हाना आठवलं असावं. तो मटकन गुऱ्हाळाच्या कट्ट्यावर बसला.

*

दोघी म्हैसूरच्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा रात्र झाली होती. चादरीखाली जिथं पाय असायचा तिथं चादर सपाट होती. जबाब घ्यायला म्हैसूरच्या चौकीतला पोलीस खुर्ची ओढून बसला होता. त्याला हे सगळं लवकर आटपून घरी जायचं होतं. फत्तेसिंगरावानं शांताक्काला दारात बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

वनजानं फत्तेसिंगरावाला सगळं सांगितलं. कोणी कापलं, कोणासाठी कापलं, का कापलं. तो ऐकत राहिला.

"गज घालताना मी बघत होतो," शेवटी तो भिंतीलाच म्हणाला. "नरहरी नको म्हणत होता. मी ट्रॅक्टरवर बसून ऐकत होतो. अण्णा म्हणाले पुढं घे, मी पुढं घेतला. पोलिसांनी विचारलं, पिऊन होता का? मी मान हलवली." मग त्यानं तोंड वळवलं. "शांताक्का, मला माफ कर."

वनजाला वाटलं, आता ही बाई रडेल, जवळ जाईल, काहीतरी होईल. शांताक्का जागची हलली नाही.

"माफ नाही करायची मी," ती म्हणाली. "तूही मला करू नकोस. पाय तुझा गेलाय. फक्त हे बोललास तेच ह्यांना बोल. माझ्या पोरानं दारू घेतली नव्हती, हे आधी सांग. बाकीचं मग."

पोलिसानं कंटाळून पेन उघडलं. "अहो, नेमकी तक्रार कोणाची आणि आरोपी कोण? एक काहीतरी सांगा."

"दोन सांगतो," फत्तेसिंगराव म्हणाला. "एक ही बाई. आणि एक माझा थोरला भाऊ. पहिल्यांदा त्याचं नाव घाला."